सतराशे बारा नंबरचं हसू

तिसऱ्या महिन्याचेही पैसे गेले, आणि या वेळी तो निरोप बायकोनं वाचला. दिवसभर हात प्लास्टरनं नाहीतर मेणानं माखलेले, त्यामुळे फोनकडे बघायची त्याला सवयच नव्हती. संध्याकाळी घरी आला की तो फोन तिच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, बघ बरं, कोण काय म्हणतंय. पहिला निरोप त्यानं स्वतः पाहिला होता, पण ते पैसे त्यानं राजीखुशीनं भरलेले. दुसरा त्यानं बँकेची काहीतरी गफलत म्हणून सोडून दिला. तिसरा मात्र थेट तिच्या हाती लागला. चष्मा कपाळावरून खाली घेत तिनं एकेक शब्द सुटा करून वाचलं, "माउथ ऑर्गन, प्राथमिक वर्ग. आपल्या कार्डावरून या महिन्याची फी जमा झाली. धन्यवाद." मग फोन खाली ठेवून तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. ती बस डेपोत वेळापत्रकं लावायची. कुठली गाडी कुठे आणि का थांबली, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"अहो, तुम्ही माउथ ऑर्गन शिकताय?"

खरं काय ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खरं एवढंच होतं की दोन महिन्यांपूर्वी एक अनोळखी बाई हसली, म्हणून त्यानं तिची फी भरली. आता हे वाक्य कुठल्याही नवऱ्यानं कुठल्याही बायकोला जेवणाच्या टेबलाशी बसून सांगून पाहावं. शिवाय ती हसली त्यात याचं काय एवढं, हे सांगायचं तर परक्या बाईचं गुपित चव्हाट्यावर मांडावं लागणार. तेव्हा तो म्हणाला, "हो."

"खरंच?"

"म्हणजे... प्राथमिक."

बायकोचा चेहरा असा काही फुलला की खोटं मागे घ्यायची सोयच राहिली नाही. "इतकी वर्षं मी घसा कोरडा करतेय, अहो, दातांपलीकडे काहीतरी असू द्या माणसाला! आणि तुम्ही चोरून शिकताय?" तिनं बहिणीला फोन लावला, बहिणीचं ऐकून भाऊ फोनवर आला, आणि भात निवायच्या आत सगळ्या सासरवाडीला जावईबापूंच्या कलेची वार्ता पोचली. पुढच्या महिन्यात डेपोतली मंडळी घरी यायची होती. तेव्हा दोन गाणी तरी वाजवायचीच, असं तिनं त्याच्या वतीनं कबूलही करून टाकलं. तो मान खाली घालून जेवत राहिला. अपराधी वाटत होतं, पण खोटं कशाला बोला, आत कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. बायकोनं आपल्याकडे इतक्या कौतुकानं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

सकाळी लॅबकडे चालत जाताना तो स्वतःशी सगळं पुन्हा लावून बघू लागला. लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक, मागच्या खोलीत हा. मागच्या खोलीला खिडकी एकच, तिच्याखाली ओटा, ओट्यावर गॅसची बारीक ज्योत, मेणाच्या पट्ट्या, चिमटे, आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले जबडे. प्लास्टरचे, पांढरे, प्रत्येकाच्या टाचेवर निळ्या शाईनं नंबर. शहरातले दंतवैद्य माणसाच्या तोंडाचा ठसा घेत आणि डब्यात घालून पाठवत. हा त्या ठशावरून साचा ओतायचा, मेणात दात बसवायचा, कवळी घडवायचा आणि पुन्हा डब्यात घालून परत पाठवायचा. एकतीस वर्षं तो दात करत होता, पण दात ज्याच्या तोंडात गेले तो माणूस त्याच्या दृष्टीस कधी पडला नव्हता. शिंप्याला निदान गिऱ्हाइकाची कंबर तरी दिसते. याला दिसायची एक चिठ्ठी: बाई की पुरुष, वय, दातांची छटा, आणि वैद्यांच्या घाईतल्या अक्षरात एखादी सूचना. सूचनाही ठरलेल्या. पांढरे हवेत. अजून पांढरे हवेत. एकसारखे हवेत. सतराशे बारा नंबरच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं: "बाई, एकसष्ट. म्हणतात की दात फार शहाणे दिसू नयेत."

ते वाक्य वाचून तो मागच्या खोलीत एकटाच हसला होता. मग त्यानं त्या शब्दांवर तीन दिवस घालवले. वरच्या पटाशीतला डावीकडचा दुसरा दात त्यानं सुळ्यावर किंचित चढवला, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभं राहावं तसा. जास्त चढवला की ती बाई भांडखोर दिसेल, कमी चढवला की शहाणी. मेण तापव, दात हलव, लांबून बघ, पुन्हा तापव. मालक दारातून डोकावून म्हणाले, "अरे, कवळी करतोयस की मूर्ती?" त्यानं मेण पुन्हा तापवलं. चौथ्या दिवशी उरलेलं सगळं काम त्यानं एका दुपारी उरकलं आणि डबा पाठवून दिला. पुढे नेहमीसारखंच, गेली ती गेली.

आणि दोन महिन्यांपूर्वी कुरिअरवाल्यानं ठशांचा डबा चुकून तळमजल्यावरच्या वाद्यांच्या दुकानात टाकला. तो आणायला हा खाली गेला. दुकानाच्या मागच्या बाजूला दर गुरुवारी वाजवायला शिकवायचे वर्ग चालत, आणि काउंटरपाशी एक बाई फी भरत उभ्या होत्या. उंच, सडसडीत, केस कापलेले, हातात चपटी डबी. त्यांचं कार्ड यंत्र घेईना. काउंटरवरच्या मुलीनं तीनदा लावून पाहिलं आणि अवघडून म्हणाली, "घेत नाहीये." दुसरं कुणी असतं तर कानकोंडं झालं असतं, बँकेला चार शिव्या दिल्या असत्या. या बाई वळून त्याच्याकडे बघून हसल्या. मोकळं, मोठ्यानं, मान मागे टाकून. "माझंच कार्ड ते. माझ्यासारखंच. एका दमात सूर लागायचा नाही त्याला!" आणि त्याला तो दात दिसला. सुळ्यावर किंचित चढलेला. दिव्याच्या उजेडात ओला, जिवंत, ओठाखालून अर्धवट डोकावणारा. त्याला इतका आनंद झाला की काय करावं ते त्याला सुचेना. माणूस आनंदानं गडबडला की खिशात हात घालतो. त्यानं घातला. "मी भरतो," तो म्हणाला. बाई नको नको म्हणेपर्यंत त्यानं कार्ड टेकवलं, यंत्राच्या काचेवर काहीतरी विचारणा आली तेव्हा सगळे करतात तसं हिरवं बटण दाबलं, आणि ठशांचा डबा मागायचाच विसरून तो दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला; डबा मग कुरिअरवाल्यानंच वर पोचवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून दोन कवळ्या पुऱ्या झाल्या आणि शीळ काही थांबली नाही.

आता ते हिरवं बटण अंगाशी आलं होतं. दुपारी त्यानं बँकेला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "सर, दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायची परवानगी तुम्हीच दिलीय. बंद करायचं तर जिथे दिलीत तिथेच जावं लागेल." म्हणजे खाली जायचं. खाली गेलं की ती मुलगी विचारणार, फी कोणाची, आणि भरलीत का? आणि त्या बाईच तिथे असल्या तर? ते तर मुळीच नको. कारण त्यांच्या धंद्यात एकच नियम होता आणि तो त्याला मालकांनी पहिल्याच वर्षी शिकवला होता: रस्त्यात आपला दात ओळखला तरी ओळख द्यायची नाही.

शिकवायची वेळ त्यानंच आणली होती. नवानवा होता, तेविसाव्या वर्षी माणसाला आपल्या कामाचा माज असतो. त्या वेळी एक गृहस्थ घाईनं स्वतःच लॅबमध्ये कवळी न्यायला आले होते. कवळी मालकांनी केलेली, हा तेव्हा वर्षभराचा नुसता उमेदवार; पण डबा याच्याच हातून घेऊन गेले. महिनाभरानं एका मित्राकडे समारंभात तेच गृहस्थ दिसले, शेजारी त्यांची होणारी बायको. हा हातात ताट घेऊन उत्साहानं पुढे गेला आणि चारचौघांत म्हणाला, "काय, कशी बसलीय कवळी?" त्या माणसाचा हसरा चेहरा एकदम विझला. त्यांनी तोंड मिटलं आणि समारंभ संपेपर्यंत पुन्हा उघडलं नाही. पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. ती मुलगी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा याच्याकडे बघत होती. मालकांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपण दात देतो, बाळा. ते खोटे आहेत हे सांगायचा हक्क आपण ठेवून घेत नाही." ते बंद झालेलं तोंड त्याला अजून कधीकधी, मेण तापवताना, ज्योतीपलीकडे दिसायचं.

तेव्हा खाली जायचं त्यानं पुढे ढकललं, आणि घरची आघाडी सांभाळायला दुसऱ्याच दुकानातून एक माउथ ऑर्गन विकत आणला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, डबीसुद्धा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. मागच्या खोलीत, जबड्यांच्या साक्षीनं, तो फुंकून पाहू लागला. फुंकलं की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. ही त्याला भलतीच गंमत वाटली. आजवर त्यानं कधी श्वासाकडे लक्ष दिलं नव्हतं, आणि इथे प्रत्येक श्वासाची दखल घेतली जात होती. घरी त्यानं वाजवलं तेव्हा बायको डोळे मिटून ऐकत बसली, आणि संपल्यावर म्हणाली, "फुंकताना जरा खरखर येते, पण ओढताना काय सुरेख लागतो हो तुमचा!" वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्ची सरकवली. तिनं वर बघून सांगितलं, "शिकतायत!"

ओढताना. तो शब्द त्याच्या मनात रुतून बसला. दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभा राहून त्यानं पुन्हा वाजवलं आणि एक सूर ओढताओढताच थांबला. श्वास ओढला की तोंडातली हवा कमी होते. वरची कवळी टाळूला धरून असते ती हवेच्याच जोरावर. तिची मागची कड टाळूत जराशी रुतलेली असेल तरच ती धरून राहते. कड उथळ असली तर प्रत्येक ओढीला कवळी सुटणार. टक्. जेवताना नाही, बोलताना नाही, हसताना तर नाहीच. पण माउथ ऑर्गन ओढताना हमखास. त्यानं स्टूल घेतलं आणि सगळ्यात वरच्या फळीवरून सतराशे बाराचा साचा खाली काढला. धूळ फुंकली. मागच्या रेषेवरून, म्हणजे जिथून कवळीची ती कड घडते तिथून, अंगठा फिरवला. जिथे अंगठ्याला खाच लागायला हवी होती तिथे नुसती खूण होती. तीन दिवस एका वाकड्या दातावर, आणि कडेसाठी चौथ्या दिवसाची उरलेली दुपार! ज्या कामाचं कौतुक होईल ते त्यानं जीव ओतून केलं होतं, आणि जे कुणाला कधी दिसणार नव्हतं ते उरकलं होतं. साचा हातात धरून तो स्टुलावरच बसून राहिला. कार्डातले पैसे गेले खड्ड्यात; खाली ती बाई दर गुरुवारी माझ्या चुकीशी झटत असणार आणि तिला वाटत असणार की आपल्यालाच जमत नाही. सांगावं तर तिचं तोंड बंद व्हायचं, न सांगावं तर तिचा माउथ ऑर्गन.

गुरुवारी तो वर्गाच्या नावानं घरून निघाला तेव्हा बायको दारात तयार उभी होती. डेपोतून लवकर सुटून आली होती. "मी येणार. तुमचा वर्ग बघायचाय मला." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. वाटभर ती बोलत होती आणि तो हो हो करत होता. दुकानात शिरताच काउंटरवरची मुलगी ओरडलीच, "अहो, कुठे होतात तुम्ही? तुमचा पत्ता नाही, फोन नाही!" तिनं खण उघडून एक जाड पाकीट काढलं. "दर महिन्याला त्या रोख पैसे देतात. यंत्र म्हणतं, फी आधीच आली. मग मी यात ठेवते. त्या दर गुरुवारी विचारतात, ते भरणारे गृहस्थ सापडले का."

"त्या कोण?" बायकोनं विचारलं.

त्याच वेळी आतल्या खोलीतून सूर आला. एक फुंकलेला, गोल, भरदार. मग ओढलेला, आणि त्याच्या मधोमध, दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं असं बारीक, टक्. सूर तुटला. पुन्हा फुंकलेला. पुन्हा टक्. थोड्या वेळानं दार उघडून त्या बाहेर आल्या, डबी मिटलेली, आणि मुलीला म्हणाल्या, "माझं नाव काढून टाक, बाळ. सर बिचारे काही बोलत नाहीत, पण माझ्यात नाही ते. श्वासच पुरत नाही." आणि मग त्यांची नजर त्याच्याकडे गेली. "अय्या! तुम्हीच ना?"

आता बोलला नसता तर तो जन्मभर बोलला नसता. तो त्यांना ढोलांच्या रांगेमागे, कोपऱ्यात घेऊन गेला. बायको मागोमाग आलीच. तिला कोण अडवणार. त्यानं आवाज खाली आणला. "तुमचा श्वास चांगला आहे. चूक माझी आहे. मी... मी वर काम करतो. तिसऱ्या मजल्यावर."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या नखांकडे, जिथलं प्लास्टर कधीच पुरतं निघत नसे. हसू मावळलं, आणि ओठ मिटले. बत्तीस वर्षांपूर्वीचा तो गृहस्थ याच्यासमोर पुन्हा येऊन उभा राहिला. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. पुटपुटत, खालमानेनं तो कडेचं, हवेचं, त्या घाईच्या दुपारचं सगळं सांगत गेला. "वैद्यांना सांगून दोन दिवसांत नीट करून देतो. एवढंच सांगायचं होतं. माफ करा."

त्यांनी हातातली डबी उघडून पुन्हा मिटली. मग हळूच म्हणाल्या, "फार शहाणे नकोत, असं मी सांगितलं होतं. ते ऐकणारे तुम्ही?"

"हो."

"माझा तो दात तस्साच होता हो. लहानपणापासून. वैद्यांना मी सांगितलंसुद्धा नव्हतं. आरशात बघितलं आणि वाटलं, अगं बाई, ही तर मीच!" आणि त्या हसल्या, मान मागे टाकून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा. "आणि पैसे का भरलेत ते तरी सांगा."

"तुम्ही हसलात म्हणून," तो म्हणाला. "मी एकतीस वर्षांत माझा दात कुणाच्या तोंडात पाहिला नव्हता."

बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. "म्हणजे तुम्ही इथे शिकत नाही?"

"नाही."

"मग घरी वाजवता ते?"

"ते असंच."

"तरीच," ती म्हणाली. मग पदराआड, म्हणजे ओढणीच्या टोकाआड, तिला जे हसू फुटलं ते आवरेना. त्या बाईंचा हात धरून ती म्हणाली, "काय सांगू तुम्हाला, अख्ख्या माहेराला सांगितलंय हो मी!" काउंटरवरच्या मुलीनं लांबून विचारलं, आपोआपचं बंद करू का, आणि नाव काढू की ठेवू. "बंद कर," तो म्हणाला. "ठेव," बाई म्हणाल्या. दोघांचंही बरोबर होतं. पाकीट बायकोनं पर्समध्ये टाकलं.

वैद्यांना त्यानं त्याच दिवशी फोन करून आपली चूक सांगितली. त्यांनी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, कारण लॅबवाल्यानं स्वतःहून चूक कबूल करायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. शुक्रवारी त्यांनी नवा ठसा कवळीसकट पाठवला आणि बाईंना सांगितलं, आजचा दिवस सूप प्या. हा सकाळी बसला तो दुपारी उठला. या वेळी दाताकडे त्यानं पाहिलंही नाही. साच्यात कड खोदली, अंगठ्यानं तपासली, पुन्हा खोदली, कवळी भरली, कडक होईपर्यंत शिजवली, घासली, झळाळी दिली. डबा कुरिअरकडे द्यायला निघाला आणि मध्येच थांबून मालकांना म्हणाला, "मीच नेऊन देतो." मालकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान हलवली.

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत गाल सुजलेली चार माणसं बसली होती. वैद्यांनी त्याला आत बोलावलं. आतली खोली त्यानं कधी पाहिली नव्हती: तो मोठा दिवा, ती मागे झुकणारी खुर्ची, थुंकायचं छोटं भांडं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, तोंडावर रुमाल. रुमालाआडून त्यांनी मान लवून ओळख दिली. वैद्यांनी कवळी धुऊन दिली, त्यांनी बसवली, जीभ फिरवली. मग पिशवीतून डबी काढली. "अहो, इथे?" वैद्य म्हणाले. "मग कुठे?" त्या म्हणाल्या, आणि ओठांना लावून त्यांनी श्वास आत ओढला.

तो दाराशी उभा होता. सूर आला आणि लांबत गेला, आणि त्यानं सगळं अंग कानात आणून वाट पाहिली, पण मधोमध काही तुटलं नाही. दुसरा ओढला. तिसरा. मग त्यांनी एकदम फुंक-ओढ, फुंक-ओढ असं कसलंतरी गाणं धरलं, चुकत, घसरत, भलत्याच वेगानं, आणि बाहेरच्या सुजलेल्या गालांपैकी कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि लगेच दुखलं म्हणून कण्हलं. वैद्य टाळ्या वाजवू लागले. आपलं काम इथे संपलं असं समजून तो मागे वळला.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. त्यांनी माउथ ऑर्गन मांडीवर ठेवला, गालाला बोट लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "डावीकडे जरासं टोचतंय."

वैद्य आरसा घेऊन पुढे झाले. त्यांनी हातानं वैद्यांना बाजूला केलं. "तुम्ही नाही. ते."

एकतीस वर्षांत त्याच्याकडे कुणी कधी तक्रार केली नव्हती. त्याला फार बरं वाटलं. मग तो पुढे गेला, दिवा जरा खाली ओढला आणि वाकला.

"कुठे?"

"इथे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड मोठं उघडलं.